सरी घराकडे येते

आमच्या गावात ज्वारीच्या सऱ्या कोणी मनाला येईल तशा पाडत नाही. पश्चिमेच्या ओढ्यापाशी सुरुवात करायची आणि पूर्वेला घरांच्या अंगणाशी थांबायचं, ही दिशा पणज्यांच्याही आधीपासून ठरलेली आहे. त्यामागं देवधर्म काही नाही. कणसं बाहेर पडेपर्यंत ज्वारीची उभी ताटं माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर जातात. आत शिरलं की चारी बाजूंना पानं आणि वर आभाळाचा चिंधीएवढा तुकडा. अधूनमधून कोणीतरी त्यात हरवतंच.

लग्न होऊन या यांगशूखौ गावात आले त्या पहिल्याच वर्षी मी हरवले. बाजारपेठेत वडिलांच्या तेलघाण्यावर वाढलेली मुलगी, मला शेताचं काय कळणार! गवत कापायला आत गेले आणि ऊन उतरेपर्यंत फिरत राहिले. रडू यायच्या बेतात होतं, तेवढ्यात कारभारी पानं सारत आले. त्यांनी आधी घाम पुसला आणि मग पोटभर हसून घेतलं.

"अगं, सरी कशाला सोडलीस? पाय सरीत ठेवायचा आणि चालत सुटायचं. सरी घराकडे येते."

"आणि उलटीकडे गेले तर?"

"तर ओढ्यात पाय बुडतील. तोंड धुवायचं आणि मागं फिरायचं."

क्वान लियेनशंग त्यांचं नाव. ते मी तोंडानं कधी घेतलं नाही. कारभारी म्हणायची, आमच्याकडच्या सगळ्याच बायका म्हणतात तसं. माणूस थट्टेखोर होता, उंच होता, आणि डोळे बांधून सोडला तरी शेतातून घरी आला असता. तेच पुढं नडलं.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी रशियन आणि जपानी एकमेकांशी लढायला आमच्या मुलखात आले. भांडण बंदरावरून होतं म्हणे, किंवा रेल्वेवरून. आम्हाला कोणी येऊन सांगितलं नाही. आमच्या दरबारानं मात्र पेकिंगहून कळवलं, की आपण कोणाच्याच बाजूचे नाही.

सासूबाईंनी लांब दांडीच्या चिलमीतून धूर सोडला आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. आता दोघंही आपल्यालाच बडवतील."

रशियनांना गावात नाकाडे म्हणत आणि जपान्यांना नकटे. नाकाड्यांनी उत्तरेच्या टेकडीवर तोफा चढवल्या. नकटे दक्षिणेकडून येत होते. मधे आमची ज्वारी उभी होती, नुकती निसवलेली, कणसं बाहेर पडलेली.

एका सकाळी धुकं इतकं दाट होतं की अंगणातला रहाट दिसत नव्हता. नाकाड्यांचा एक अधिकारी दारात आला. बरोबर आमच्यातलाच एक दुभाष्या होता, वेणी टोपीत कोंबलेला; आमच्याकडचे पुरुषही तेव्हा वेणी ठेवत. साहेबाची माणसं आदल्या दिवशी ज्वारीत शिरली होती आणि गोल फिरून जिथून शिरली तिथूनच बाहेर पडली होती, असं तो म्हणाला. ओढ्यापर्यंत नेणारा कोणीतरी हवा होता.

मी म्हटलं, "ह्यांची तब्येत बरी नाही."

"वहिनी, तब्येत बरी नसलेला माणूस एवढी लाकडं फोडतो होय?" दुभाष्यानं अंगणातल्या ढिगाकडे बोट दाखवलं.

कारभाऱ्यांनी कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली. आमची श्याओमान तेव्हा जेमतेम चालायला लागली होती. ती त्यांच्या पायाला बिलगली, तिला उचलून त्यांनी माझ्या कडेवर दिलं. "ओढ्यापर्यंत सोडतो नि येतो. कण्या चुलीवर ठेव."

मी कण्या ठेवल्या. ते धुक्यात गेले, त्यांच्यामागं एकामागून एक ती उंच माणसं गेली, आणि ज्वारी त्यांच्यावर मिटली.

थोड्याच वेळात पहिली तोफ उडाली. सासूबाई, श्याओमान आणि मी कोबी साठवायच्या तळघरात उतरलो. छताची माती आंबवलेल्या कोबीच्या रांजणांवर पडत होती. आधी तोफा ऐकू आल्या, मग बंदुका, आणि मग अगदी जवळून एक आवाज आला. मांजरपाट फाडावं तसा, पण शेताएवढ्या रुंदीचा. हजारभर माणसं ज्वारीतून धावत होती. दोन भाषांमधला आरडाओरडा झाला. मग एकेकटे आवाज राहिले, मग तेही थांबले. आम्ही वर आलो तेव्हा चुलीतला विस्तव विझलेला नव्हता. इतकी लहान लढाई होती ती. तिला कोणी नावसुद्धा दिलेलं नाही.

नाकाडे टेकडी सोडून गेले होते. नकट्यांनी आपली मेलेली माणसं गोळा करून टेकडीवर जाळली. नाकाड्यांची माणसं गाववाल्यांना ओढ्याकाठी पुरायला लावली. गावप्रमुख थुंग आजोबांनी स्वतः प्रत्येक तोंड उलथून पाहिलं. त्यात कारभारी नव्हते. शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत धुंडाळलं. टोपी नाही, बूट नाही, वेणीची दोरीसुद्धा नाही.

"गाडी हाकायला धरून नेलं असेल," मी म्हटलं.

लोक आपापल्या घरी गेले. पण घाण्यावर वाढलेल्या माणसाला जे तराजूत पडतं तेच खरं वाटतं. जोवर माणूस समोर आणून ठेवत नाहीत, तोवर तो मेलेला नाही, असं मी ठरवलं.

शेत पार आडवं झालेलं होतं. पाऊस पडला आणि ते उठून उभं राहिलं. एखादं ताट उठतं, बांधावरची ओळ उठते, हे मीही पाहिलं होतं. इथं सगळं शेत उठलं, पेरेच्या पेरे मोडलेली ताटंसुद्धा. थुंग आजोबा म्हणाले, जमीन चांगली आहे. कणसं भरायला लागली तरी एक चिमणी त्यांच्यावर बसेना. मी म्हटलं, दारूगोळ्याचा वास अजून गेला नसेल. माणूस आपली समजूत घालायला कधी कमी पडत नाही.

मग एका सकाळी मी छपरावर घोसाळ्याच्या चकत्या वाळत घालत होते. वारा नव्हता. अंगणाकडेच्या पॉपलरच्या झाडाचं एक पान हलत नव्हतं, आणि त्याचं पान तर फुंकरीनंही हलतं. खाली शेतात ज्वारीचे शेंडे दुभंगत होते. दक्षिणेकडून एक रेघ आत आली, तिच्या शेजारून दुसरी, मग मोजता येऊ नयेत इतक्या. उत्तरेकडूनही तशाच आल्या. डुक्कर आत शिरलं की शेंडे जसे हलतात तसे हलत, त्या रेघा सऱ्या ओलांडत एकमेकींकडे सरकत होत्या. शेताच्या मध्यावर त्या भिडल्या. तिथली ज्वारी घुसळली गेली, आणि मग सगळं थांबलं. या सगळ्यात आवाज म्हणून काही झाला नाही. ज्वारी मुकी राहून हलते हे मी जन्मात पाहिलं नव्हतं.

हातातली चकती मी कितीतरी वेळ तशीच धरून होते.

दुसऱ्या दिवशी विळा घेऊन आत गेले. कोणी लपलेले शिपाई असतील तर त्यांना कारभाऱ्यांचं विचारावं, हे मनात होतं. जमीन पावसानं लोण्यासारखी झाली होती. माझी पावलं मागं उमटत होती. दुसऱ्या कोणाचंही पाऊल नव्हतं, ना बुटाचं, ना खुराचं. मध्यावर पोचले आणि थांबले.

ती माणसं आली.

दिसलं काहीच नाही. खांद्याच्या उंचीवर ताटं वाकत होती आणि माणूस गेला की सरळ होत होती. ओल्या कातड्याचा वास आला, तंबाखूचा, घामेजल्या लोकरीचा. अंगाला ऊब लागली. उजवीकडून, डावीकडून, माझ्या दोन्ही बाजूंनी ती जात होती आणि सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते. नुसते श्वास, चढण चढताना लागतात तसे. एक जण माझ्यासमोर थांबला. तोंडाच्या उंचीवरचं एक पान त्याच्या श्वासानं थरथरत होतं. मला वाटतं, तो मला वाट विचारत होता. मग तेही पान स्थिर झालं आणि तो मागच्यांबरोबर गेला.

खरं तर भीतीनं माझी बोबडी वळायला हवी होती. वळली नाही. छातीत काहीतरी इतकं मोठं दाटून आलं की हातातलं हत्यार मला लाजिरवाणं वाटलं. मी विळा खाली ठेवला. एवढी माणसं, कोणाकोणाची, कुठल्या कुठल्या समुद्रापलीकडची, आणि माझ्या सासऱ्यांच्या शेतात वाट शोधत फिरत होती. सरी म्हणजे काय हे त्यांतल्या कोणालाच माहीत नव्हतं.

गावालाही हे दिसायला वेळ लागला नाही. कापणीचे दिवस आले, पहिलं दंव कधीही पडलं असतं, आणि शेतात कोणी पाऊल टाकेना. ज्वारी घरात आली नाही तर हिवाळ्यात खायचं काय? लोक थुंग आजोबांकडे गेले आणि थुंग आजोबा आमच्याकडे आले. खालून विस्तवानं तापणाऱ्या झोपायच्या ओट्याच्या काठावर ते टेकले. सासूबाईंनी त्यांच्यापुढं तंबाखू सरकवली.

"सूनबाई," ते म्हणाले, "लियेनशंगला वाट दाखवायला हवी."

आमच्याकडे माणूस गेला की आधी शेताच्या नैऋत्य कोपऱ्यावर भूमिदेवाची घुमटी आहे तिथं जाऊन वर्दी द्यायची. मग अंगणात बाकावर उभं राहायचं, खांद्यावर कावड नेतात ती काठी नैऋत्येला रोखायची आणि मेलेल्याला त्याचं नातं घेऊन मोठ्यानं हाक मारायची, की ही वाट धर आणि जा. नातं घेतलं नाही तर हाक आपल्याला आहे हे त्याला कळत नाही. हे काम मुलाचं. मुलगा नसेल तर घरात जो धाकटा उरला असेल त्याचं. आईनं मुलाला धाडायचं नसतं.

मी म्हटलं, "मेलेल्याला दाखवतात वाट. ते मेलेत हे कोणी पाहिलं?"

"त्यानं त्या लोकांना आत नेलं पोरी. तो आतच आहे. तो निघाला की त्याच्यामागं तेही निघतील. नाहीतर सगळं गाव उपाशी मरेल."

"मरू द्या."

"जिभेला हाड आहे का तुझ्या?" सासूबाई ओरडल्या. "माझा पोरगा आहे तो! त्या परक्यांच्या घोळक्यात वणवण करतोय. तुझा हट्ट होतो, नि त्याचे पाय झिजतात. आईच्या हातानं होत असतं तर तुझ्या पाया पडायला आले असते का मी?"

त्या खरंच ओट्यावरून उतरायला लागल्या. मी त्यांचे खांदे धरले आणि त्यांना परत बसवलं. दोघीही रडलो. उद्या करते, असं मी म्हटलं.

तेव्हा ते माझ्या मनात खरं होतं.

सकाळी मी पाणी शेंदायला बाहेर आले. शेतात नेहमीचं सुरू होतं. उत्तरेच्या रेघा, दक्षिणेच्या रेघा, सगळ्या सऱ्या तुडवत आडव्या जाणाऱ्या. त्यांच्यामधून एक रेघ वेगळी निघाली. ती पश्चिमेच्या ओढ्याकडून येत होती, सरीतून, सरळ. कुठं अडखळली नाही, कुठं वळली नाही. ज्याला घरचं शेत पाठ आहे त्याच्या चालीनं ती अंगणापर्यंत आली. ज्वारी संपते तिथं शेवटची ताटं हलली आणि थांबली. माझ्यापासून ती बैलगाडीच्या लांबीएवढीही दूर नव्हती. पुढं उघडी जमीन होती. तिच्यावर काहीच उमटलं नाही.

मी बादली खाली ठेवली.

"कण्या ठेवल्यात चुलीवर," मी म्हटलं.

शेवटच्या ताटाचं एक पान हललं. कोणी तोंडातल्या तोंडात हसलं की हलेल तेवढंच.

तराजूत पडलं होतं. ते मेलेले होते आणि ते घरी आलेले होते. दोन्ही एकदम कळलं. त्यानंतर लोक वर्दी देऊन घुमटीपासून परत येईपर्यंत मी काय केलं ते आठवत नाही. बहुतेक तिथंच उभी होते.

अंगणात सगळं गाव जमलं. थुंग आजोबांनी बाक मांडला, काठी हातात दिली. सासूबाई श्याओमानला घेऊन दारात बसल्या. मी बाकावर चढले. तिथून सगळं शेत दिसत होतं, पिकून लालभडक झालेलं. काठी मी नैऋत्येला रोखली. आवाज बरा निघाला.

"ज्यांचं इथं कोणी नाही त्या सगळ्यांनो!"

मागं कोणीतरी श्वास घेतला. थुंग आजोबा असावेत.

"ज्यांची आई इथं नाही, बायको इथं नाही, ज्यांना हाक मारायला इथं कोणी नाही, त्यांनी ऐका. लढाई संपली. सगळे गेले. आता ओलांडू नका, आडवं जाऊ नका. ही नैऋत्येची वाट आहे. रुंद आहे, उजेडाची आहे. बुटाला चिखल लागणार नाही. ती धरा आणि जा पोरांनो. मागं वळून बघू नका."

शेत थांबलं.

सगळ्या रेघा जिथं होत्या तिथं उभ्या राहिल्या. गावातलं एक लेकरू रडलं नाही.

मग शेंडे वळले.

या बांधापासून त्या बांधापर्यंत, एकदम, पिकलेली लाल कणसं नैऋत्येला झुकली.

ती माणसं निघाली. उत्तरेची आणि दक्षिणेची, आता वेगळी ओळखू येत नव्हती. ज्वारी त्यांच्यासाठी उघडत होती आणि त्यांच्यामागं मिटत होती. आणि इतके दिवस मुकं राहिलेलं ते शेत बोलायला लागलं. पान पानावर घासलं, ताट ताटावर आपटलं, आणि त्याचा जो आवाज झाला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. थुंग आजोबा गुडघ्यांवर बसले. त्यांच्यामागं सगळे बसले.

घुमटीपाशी शेत संपतं आणि गाडीरस्ता लागतो. रस्त्यावर धूळ उठली.

ती चालत राहिली. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं, तरी धूळ उठतच होती. शेवटी ती विरळ झाली आणि दूरच्या वळणापाशी बसली.

एक चिमणी आली आणि कणसावर बसली.

लोक रडत होते, हसत होते, विळ्यांना धार लावायला पळत होते. मी बाकावरून उतरले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग अंगणाच्या कडेला पाहिलं. तिथं वारा नसताना एक ताट हलत होतं.

"तू त्याला हाक नाही मारलीस," त्या म्हणाल्या.

"त्यांचं इथं कोणीतरी आहे."

मला वाटलं, त्या चिलीम फेकून मारतील. त्यांनी ती उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "वाढ त्याला. सकाळपासून उभा आहे."

ज्वारी कापली, मळली. कडबा छपराला टेकवून रचला. उघड्या शेतात काही दिसलं नाही आणि हिवाळाभर काही आलं नाही. पुढच्या वर्षी ताटं डोक्यावर गेली, तशी एका सकाळी ती रेघ ओढ्याकडून सरीतून चालत आली आणि अंगणापाशी थांबली. त्याच्या पुढच्या वर्षीही आली. लोकांनी पाहिलं असेल. मला कोणी काही म्हटलं नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा श्याओमान सात-आठ वर्षांची होती. शेवटच्या दिवशी त्यांचा हात माझ्या हातात होता. "मी त्या वाटेवर जाईन," त्या म्हणाल्या, "पण तो तिथं नसेल ना गं." श्याओमाननं बाकावर उभं राहून, आजी म्हणून हाक मारून, त्यांना धाडलं. नीट धाडलं. त्या वर्षी मी अंगणात पहिली सरी पुढं ओढली. हातभरच.

मग तिच्या वाटेतला भाजीचा वाफा काढून टाकला. पुढं डुकरांचा गोठा पाडला. रहाटाच्या बाजूनं वळसा घ्यावा लागतो की काय याची काळजी होती, पण नाही, सरी बरोबर त्याच्या डावीकडून गेली. ती रेघ दर वर्षी तेवढी पुढं येते. गेल्या पावसाळ्यात ती खिडकीशी आली आणि खिडकीला काचेऐवजी लावलेला कागद आतल्या बाजूला फुगला, कोणी बाहेरून श्वास सोडावा तसा.

श्याओमान आता सासरी असते. वसंतात आली होती. अंगण पाहून तिनं कपाळावर हात मारला. "आई, अगं उंबऱ्याला टेकवलीस की ज्वारी! उद्या दार कसं उघडशील?"

"दार आत उघडतं," मी म्हटलं.

आता ज्वारी गुडघ्याएवढी झाली आहे. डोक्यावर जायला अजून अवकाश आहे. मी उंबऱ्यापर्यंतच पेरलं, हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्याच्या आत माझा हात धजला नाही. आज सकाळी घर झाडायला केरसुणी घेतली. उंबऱ्याच्या आत, मातीच्या जमिनीत, सरीच्या ओळीत, थेट झोपायच्या ओट्याकडे कोंब उगवले आहेत.

त्यांना चुकवून मी केर काढला.